राख जाते कुठे? (औष्णिक वीज केंद्राजवळ राहणाऱ्यांसाठी धागा)

ओसरी

माझी धाकटी बहीण राहते तिथून कोळशावर चालणारं वीज केंद्र सरळ रेषेत तीन किलोमीटर आहे. पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा लांबूनच पांढरे लोट दिसले आणि मी म्हटलं, "बाई गं, केवढा हा धूर!" ती हसली. "ताई, ती नुसती वाफ. ते कमरेत बारीक असलेले मनोरे पाणी थंड करायचे. चिमणी ती मागची, उंच. तिच्यातून काही येताना दिसतंय का तुला?" खरंच काही दिसत नव्हतं. मग तिने सकाळीच पुसलेल्या ओसरीच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं.

हा धागा त्या बोटावरच्या राखाडी थरासाठी.

तिच्या सासूबाईंचा खोकला दोन वर्षं हटत नाहीये. "धुळीची ॲलर्जी" म्हणून गोळ्या चालू आहेत. दीर त्याच केंद्रात कंत्राटावर कामाला, त्यामुळे घरात हा विषय निघाला की कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवतं. चिमणीच्या आधी यंत्र बसवलंय, ९९ टक्क्यांहून जास्त राख पकडली जाते, असं दीर सांगतो. तो खोटं बोलणाऱ्यातला नाही. मग कठड्यावर येते ती कुठून? इथे या क्षेत्रातली मंडळी आहेत म्हणून विचारते. भांडण नको, माहिती हवी.

जुना_बॉयलरवाला

३१ वर्षं बॉयलरच्या उबेला काढली, आता निवृत्त. तुमचा दीर खरं बोलतोय. पण त्या ९९ च्या पुढे काय आहे ते त्याला विचारा.

हिशेब मांडतो, कागद घ्या. ५०० मेगावॉटचा एकच संच. पूर्ण भाराने २४ तास चालला तर १ कोटी २० लाख युनिट. भारतीय कोळसा घातला तर युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम जातो. म्हणजे दिवसाला ८,४०० टन. या कोळशात राख ३० ते ४५ टक्के असते, आपण ३५ धरू. झाली २,९४० टन राख. रोज. एका संचाची. त्यातला साधारण पाचवा हिस्सा जड असतो, तो भट्टीच्या तळाशी पडतो. उरलेली २,३५० टन उडती राख वायूबरोबर चिमणीकडे धावते.

तिला वाटेत अडवतो तो ईएसपी, तुमचा दीर म्हणतो ते चिमणीच्या आधीचं यंत्र. हजारो व्होल्टचा दाब देऊन कणांवर विद्युतभार चढवायचा, ते मोठमोठ्या पत्र्यांना चिकटतात, मग हातोड्यांनी पत्रे ठोकून राख खालच्या हॉपरात पाडायची. यंत्र सुंदर आहे, मी अजूनही त्याच्या प्रेमात आहे. ते ९९.९ टक्के चाललं तर आकाशात जाते दिवसाला २.३५ टन राख. ९९ टक्के चाललं तर साडेतेवीस टन. ९९ आणि ९९.९ कागदावर सख्खी भावंडं वाटतात, चिमणीच्या तोंडाशी मात्र दहापट फरक.

आणि ते कायम ९९.९ ला चालत नाही. ईएसपीचे एकामागोमाग एक कप्पे असतात, त्यांना आम्ही फील्ड म्हणतो. एखादं फील्ड तार तुटून बसलं तर संच बंद करत नाहीत, विजेची मागणी असते. संच सुरू करताना आधी तेल जाळतात, तेव्हा तेलाची काजळी पत्र्यांवर बसू नये म्हणून बरीच फील्ड चालू केलेली नसतात. शिवाय आपल्या कोळशात गंधक कमी. ऐकायला बरं वाटतं, पण त्यामुळे राखेचा विद्युतरोध वाढतो आणि ती ईएसपीला नीट दाद देत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. चिमणी २२० किंवा २७५ मीटर उंच असेल तर तिचा झोत सहसा तीन किलोमीटरवर खाली उतरत नाही, तुमच्या डोक्यावरून पुढे जातो. त्यामुळे तुमच्या बोटावरची राख चिमणीची असेल याची मला खात्री नाही. पकडलेली राख जिथे नेऊन टाकतात तो राखेचा तलाव कुठल्या बाजूला आहे?

रोखठोक

आला मोसमी धागा. एसी सगळ्यांना हवा, लिफ्ट सगळ्यांना हवी, वीज केंद्र मात्र दुसऱ्याच्या गावात. 😀

ताई, राग मानू नका, पण बोटावर राखाडी थर माझ्याही घरात येतो आणि माझ्या शंभर किलोमीटरात वीज केंद्र नाही. रस्त्याची धूळ, बांधकाम, चुलीचा धूर, जाळलेला पाचोळा, काय काय असतं. सासूबाईंच्या आयुष्यातली चाळीस वर्षं चुलीपुढे गेली असतील तर? पुरावा काय?

जाता जाता, "कोळशाची राख अणुकचऱ्यापेक्षा जास्त किरणोत्सारी असते" हा व्हॉट्सॲपी शोध कोणीतरी इथे टाकायच्या आतच त्याची विल्हेवाट लावावी ही विनंती.

ओसरी

रोखठोक, राग नाही. सासूबाई चुलीपुढे बसल्यात, अर्धं आयुष्य. म्हणूनच तर विचारतेय, वेगळं कसं काढायचं?

बॉयलरवाले काका, बहिणीला फोन केला. राखेचा तलाव आहे, घराच्या पश्चिमेला, मधे फक्त एक किलोमीटर! ती त्याला "तळं" म्हणते, त्यामुळे मी आजवर खरंच तळं समजत होते.

भूजल

पुरावा मिळतो, आणि स्वस्तात मिळतो.

भट्टीतलं तापमान हजार अंशांच्या बरंच वर असतं. कोळशातली माती-खनिजं तिथे वितळतात, हवेत उडता उडता थेंबासारखी गोल होतात आणि तशीच गोठतात. म्हणून उडत्या राखेचे कण सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या गोट्यांसारखे दिसतात. रस्त्याची माती ओबडधोबड, कोनदार. जळलेला पाचोळा चिपाडासारखा, छिद्रांचा. न जळलेल्या कोळशाची भुकटी काळी, धारदार कडांची, आणि ती येते कोळशाच्या साठ्यावरून किंवा रेल्वेच्या वाघिणी रिकाम्या करताना. शाळेतला चारशे पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक पुरतो.

दुसरं, लोहचुंबक. राखेतलं थोडं लोह मॅग्नेटाइट बनून त्या गोट्यांमध्ये अडकतं. कठड्यावरची पूड कागदावर घ्या, खालून चुंबक फिरवा. काही भाग चुंबकामागे धावला तर शंका घ्या. मात्र ही चाचणी एकटी पुरेशी नाही, काही मातीतही चुंबकाला चिकटणारे कण असतात. गोट्या दिसल्याशिवाय निकाल देऊ नका.

चार काचपट्ट्या घ्या, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, घराच्या चारही बाजूंना छपराखाली एक दिवस ठेवा. दिशा, तारीख, वारा कुठून होता ते लिहून ठेवा. नुसत्या तक्रारीपेक्षा अशी वही फार बोलते.

किरणोत्साराबद्दल: कोळशात दशलक्षात एक ते चार भाग युरेनियम असतं, थोडं थोरियम. जळल्यावर ते राखेत कित्येक पटींनी घट्ट होतं. तरी ते प्रमाण बहुतेक राखांत काही नैसर्गिक खडकांइतकंच भरतं. १९७८ मध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली होती. ती नीट चालणाऱ्या दोन केंद्रांच्या हवेतल्या उत्सर्जनाची होती, वापरलेल्या अणुइंधनाशी नव्हती. पुढच्या मथळ्यांनी तिचा अणुकचरा केला. तेव्हा रोखठोक, विल्हेवाट लावली. राखेत घाबरायला दुसरं बरंच आहे: आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, शिसं, क्रोमियम. त्यावर सवडीने लिहितो.

रोखठोक

किरणोत्सारावर धन्यवाद. गोट्यांची युक्ती आवडली, मान्य करतो.

स्टेथो

छातीचा डॉक्टर आहे. थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, डोळ्यांना दिसणारी राख आणि छातीत खोल जाणारी राख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड. कठड्यावर बसते ती राख बहुतेक दहा मायक्रॉन किंवा त्याहून मोठी. ती नाकात, घशात, वरच्या श्वासनलिकांत अडकते. सर्दी, शिंका, खोकला, डोळ्यांची आग, दम्याचा झटका हे तिचं काम. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे पीएम २.५, मात्र वायुकोशांपर्यंत पोचतात, त्यातले सर्वांत बारीक रक्तातही उतरतात, आणि मग दुखणं फुप्फुसाचं राहत नाही. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कमी वजनाची बाळं. २०१३ मध्ये आयएआरसी या जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांत टाकलं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली.

गंमत अशी की यातले बरेच बारीक कण चिमणीतून कण म्हणून बाहेर पडतच नाहीत. बाहेर पडतो सल्फर डायऑक्साइड, वायू. ईएसपी त्याला हात लावत नाही. तासाभरात, दिवसाभरात हवेत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. म्हणजे रोखठोक, तुमच्या शंभर किलोमीटरात केंद्र नाही हे ऐकून बरं वाटलं, पण...

अमेरिकेत वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या नोंदी वापरून केलेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९९ ते २०२० या काळात ६५ वर्षांवरच्या साधारण ४ लाख ६० हजार मृत्यूंचा संबंध कोळसा केंद्रांतून आलेल्या पीएम २.५ शी लागला. मला त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. एक, सर्वसाधारण पीएम २.५ पेक्षा कोळशातून आलेल्या कणांचा धोका दुपटीहून अधिक निघाला. दुसरी, त्यातले ८५ टक्के मृत्यू २००७ पर्यंतचे आहेत. पुढे गंधक धुणारी यंत्रं बसली, केंद्रं बंद झाली, आणि २०२० मध्ये आकडा वर्षाला १,६०० वर आला.

मुलांबद्दल चीनमधला टोंगलियांगचा अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. गावालगतचं कोळसा केंद्र मे २००४ मध्ये बंद झालं. कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रेडेरिका परेरा यांच्या गटाने २००२ ला जन्मलेली बाळं आणि २००५ ला जन्मलेली बाळं, अशा दोन तुकड्या घेतल्या. नाळेच्या रक्तात कोळशाच्या ज्वलनातून येणारी पीएएच नावाची संयुगं डीएनएला चिकटलेली सापडतात, ती मोजली. पहिल्या तुकडीत ज्या बाळांत ती जास्त, त्यांची दुसऱ्या वर्षी बौद्धिक-शारीरिक विकासाच्या चाचणीत पीछेहाट दिसली. दुसऱ्या तुकडीत चिकटलेली संयुगंही कमी आणि तो संबंधही दिसेना. गाव तेच.

आता सासूबाई. ओसरीताई, एका माणसाचा खोकला कशामुळे हे मी सांगू शकत नाही आणि कोणी प्रामाणिक डॉक्टर सांगणार नाही. हे अभ्यास लाखो माणसांबद्दल बोलतात. चुलीचा धूर आणि राख एकमेकांना पूरकच आहेत, एक असलं म्हणून दुसरं निर्दोष ठरत नाही. पण दोन वर्षांचा खोकला केवळ गोळ्यांवर ठेवू नका. स्पायरोमेट्री करा, नळीत फुंकायची साधी चाचणी आहे. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची क्षयरोगासाठी तपासणीसुद्धा. आणि डॉक्टरांना "केंद्राजवळ राहतो, एवढी वर्षं राहतो" हे आपणहून सांगा. आम्ही विचारायला विसरतो, कबूल करतो.

तिसरी_पाळी

मी ॲश हँडलिंगला, म्हणजे राख काढायच्या कामाला आहे. कंत्राटी. कुठे ते सांगत नाही.

पाळीत हॉपर तुंबतो. मग खालचं झाकण उघडून सळईने ढोसायचं. राख गरम असते, पाण्यासारखी वाहते, एकदम अंगावर येते. मास्क मिळतो, कापडी. घामाने ओला झाला की श्वास लागत नाही, मग गळ्यात येतो. साहेब लोक आले की परत नाकावर.

तलावाचं सांगतो. राख पाण्यात कालवून पाइपाने तिकडे सोडतात. पाणी आहे तोवर काही नाही. उन्हाळ्यात एक बाजू सुकते, वर पापुद्रा धरतो. त्यावरून जनावरं गेली, डंपर गेला, की पापुद्रा फुटतो. मग वारा सुटला की पांढरी भिंत चालत येते. टँकरने पाणी मारतात, पण तलाव केवढा आणि टँकर केवढा. चिमणीकडे सगळे बघतात. आम्ही तलावाकडे बघतो.

आमच्याकडे बायका तलावावर तरंगणारी पांढरी राख चाळणीने गोळा करतात, व्यापारी घेऊन जातो.

जुना_बॉयलरवाला

तिसरी_पाळी, सलाम. ही तरंगणारी राख म्हणजे सेनोस्फिअर, आतून पोकळ गोट्या. रंगात, भरावात, हलक्या सिमेंटात वापरतात, चांगला भाव असतो. गोळा करणाऱ्याला काय मिळतं ते विचारू नका.

आणि मला जे म्हणायचं होतं ते यांनी चार ओळीत सांगितलं. त्या हिशेबातली पकडलेली २,३४८ टन राख आठवा. ती आम्ही पकडली म्हणून आमची पाठ थोपटली गेली. पण पकडली म्हणजे संपली नाही. ती हॉपरातून पाइपात आणि पाइपातून तलावात जाते, रोज. पंचवीस-तीस वर्षं केंद्र चाललं की तलावाचा डोंगर होतो. मी नोकरीत असताना चिमणीचा आकडा रोज वरिष्ठांना जायचा. तलावावरून किती उडालं याचा आकडा मला कोणी कधी विचारला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी दिला नाही.

एक गैरसमज मात्र दूर करतो. "रात्री ईएसपी बंद करतात" असं केंद्राजवळचा प्रत्येक जण म्हणतो. कुठे करत असतीलही, मी शपथ घेणार नाही. पण सकाळी हवा वाईट वाटण्याला आणखी एक कारण आहे. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन जड बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकण घालते. चिमणीचा झोत त्या झाकणाच्या वर किंवा आतच पट्ट्यासारखा तरंगत राहतो. सूर्य वर आला, जमीन तापली की हवा ढवळली जाते आणि रात्रभराचा तो पट्टा अर्ध्यापाऊण तासात खाली उतरतो. साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान. थंडीत जास्त. त्या वेळात खिडक्या लावा, फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांना थोडं थांबवा.

जुनेपुराणे

इतिहासाचा किडा वळवळला म्हणून लिहितो. पकडलेली घाण दुसरीकडे ढकलायची ही सवय जुनी आहे.

लंडनचं बॅटरसी वीज केंद्र १९३० च्या दशकात सुरू झालं तेव्हा शहराच्या मध्यात गंधकाचा धूर नको म्हणून ओरड झाली. मग थेम्स नदीचं पाणी वापरून वायू धुवायची सोय केली. गंधक धुतलं गेलं आणि ते पाणी गेलं परत थेम्समध्ये. वर धुतलेला वायू थंड झाल्याने चिमणीतून नीट वर चढेना, आसपास उतरायला लागला.

डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस धुक्याने लंडन दाबून धरलं. घराघरांतल्या शेगड्या आणि वीज केंद्रं, दोन्हींचा कोळसा. तेव्हा ४,००० जास्तीचे मृत्यू मोजले गेले, नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा १२,००० च्या आसपास नेला. १९५६ मध्ये हवा स्वच्छतेचा कायदा आला. त्यानंतरच्या काळात केंद्रं शहराबाहेर गेली आणि चिमण्या उंच झाल्या. शहराची हवा सुधारली! आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी स्वीडनचे स्वान्टे ओडेन सांगू लागले की आमच्या तळ्यांतले मासे मरताहेत, पाऊस आम्लाचा पडतोय आणि तो ब्रिटन-जर्मनीच्या धुराचा आहे. देशांना एकत्र बसून करार करायला १९७९ उजाडलं.

अवांतर: जगातली सर्वांत उंच चिमणी कझाकस्तानात एकिबास्तुझच्या कोळसा केंद्राची, ४१९.७ मीटर. आयफेल टॉवर तिच्यापेक्षा बुटका.

अति अवांतर: ज्या देशाने कोळशाची वीज विकायला १८८२ मध्ये सुरुवात केली, त्या ब्रिटनने शेवटचं कोळसा केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद केलं.

रोखठोक

जुनेपुराणे, ब्रिटनने दीडशे वर्षं जाळून घेतलं आणि मग बंद केलं. बाकीच्यांनी आजच करायचं का? केंद्राच्या गेटबाहेर किती घरं चालतात ते तिसरी_पाळी सांगतील.

आणि राखेचा एवढा बाऊ कशाला? सिमेंटात जाते, विटांत जाते, रस्त्याच्या भरावात जाते. अमेरिकेत १९५० च्या आसपास हंग्री हॉर्स हे अख्खं धरण उडती राख मिसळून बांधलंय. कचरा नाही, माल आहे.

तिसरी_पाळी

माझं घर चालतं. माझ्या मुलाने तिथे लागावं असं मला वाटत नाही. दोन्ही खरं आहे.

जुना_बॉयलरवाला

रोखठोक, राख उत्तम माल आहे, शंभर टक्के सहमत. फक्त सिमेंटवाल्याला हवी असते ईएसपीच्या खालची कोरडी, बारीक राख. तलावात कालवून टाकली की ती जाड-बारीक एकत्र होते, ओली होते, मग तिला गिऱ्हाईक कमी. केंद्र सिमेंट कारखान्यापासून लांब असेल तर वाहतूक मालापेक्षा महाग. आणि वीस वर्षांपूर्वीची राख तलावात पडली आहे तिचं काय? आज रोजची सगळी राख विकली गेली तरी तो डोंगर तसाच.

वाहतूकही बघा. उघडा डंपर, वर फाटकी ताडपत्री, रस्ताभर राख. त्या रस्त्यावरच्या घरांना तुमच्या विटेचा काय उपयोग.

भूजल

पाण्यावर लिहायचं कबूल केलं होतं.

राख काचेसारखी असते म्हणून तिच्यातून काही सुटत नाही असं वाटतं. पण भट्टीत बाष्प झालेले आर्सेनिक, सेलेनियम वगैरे वायू थंड होताना कणांच्या पृष्ठभागावर येऊन बसतात, तेही बारीक कणांवर जास्त. म्हणजे विष गोट्यांच्या सालीवर असतं. पाण्यात टाकलं की साल धुतली जाते. राखेचं पाणी अल्कधर्मी असेल तर शिशासारखे धातू बरेच दबून राहतात, पण आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, मॉलिब्डेनम मोकळे सुटतात. म्हणून "आमच्या पाण्यात शिसं नाही" हा अहवाल राखेच्या तलावाबद्दल फारसं सांगत नाही. काय शोधलं आहे ते आधी बघा.

तलावाला खाली अस्तर नसेल तर पाणी झिरपतं. पहिला निरोप आणतो बोरॉन. तो जमिनीत फारसा अडकत नाही, पाण्याबरोबर धावतो. विहिरीत बोरॉन आणि सल्फेट दोन्ही वाढलेले दिसले तर तलावाचं पाणी पोचलं असावं असा तर्क करता येतो.

सेलेनियम फसवं आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या बेल्यूज सरोवरात १९७० च्या दशकात राखेच्या तलावाचं पाणी सोडलं जायचं. मासे धडधाकट दिसत होते. पिल्लंच होत नव्हती, किंवा वाकड्या कण्याची होत होती. सेलेनियम अंड्यात साठतं. काही वर्षांत २० जातींपैकी बहुतेक नाहीशा झाल्या.

आणि तलाव फुटतात. २२ डिसेंबर २००८ च्या मध्यरात्रीनंतर टेनेसीतल्या किंग्स्टन केंद्राचा बांध गेला. चाळीस लाख घनमीटरहून जास्त राखेचा चिखल सुमारे ३०० एकरांवर आणि नदीत पसरला. त्या रात्री कोणी मेलं नाही. पुढे ती राख उपसणारे कामगार आजारी पडू लागले, त्यांच्यापैकी काही मेले. सफाई करणाऱ्या कंपनीने आमचं संरक्षण केलं नाही, मास्क मागितले तर दिले नाहीत, असं म्हणत ते कोर्टात गेले, आणि २०१८ मध्ये ज्यूरीने कंपनीने काळजी घेतली नाही असा निर्णय दिला. तिसरी_पाळी, हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहिलं.

पाऱ्याचं थोडक्यात: तो वायुरूपात ईएसपीतून बराच निसटतो, पाण्यात पोचल्यावर जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात आणि तो माशांत साठत जातो. गर्भातल्या मेंदूला सर्वांत घातक. पाऱ्यावरच्या २०१३ च्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात कोळसा केंद्रं आहेत ती यासाठी.

स्टेथो

गंधक धुणाऱ्या यंत्राबद्दल, म्हणजे एफजीडीबद्दल, एक आशेची गोष्ट. अमेरिकेत केंटकीतल्या लुइव्हिल शहराजवळ २०१३ ते २०१६ या काळात एक कोळसा केंद्र बंद झालं आणि तीन केंद्रांत गंधकावर कडक नियंत्रण आलं. दम्याच्या रुग्णांच्या पंपांना नोंद ठेवणारे सेन्सर लावले होते, त्यामुळे कोणी किती वेळा पंप ओढला हे कळत होतं. पंप ओढणं कमी झालं. दम्यासाठी रुग्णालयात धाव घेणंही वर्षाला सुमारे ४०० ने घटलं. परिणाम दिसायला पिढी जावी लागत नाही.

जुना_बॉयलरवाला

बरोबर, फक्त एफजीडी म्हणजेही बॅटरसीचीच धाकटी बहीण हे ध्यानात ठेवा. चुनखडीच्या पाण्याने वायू धुवायचा, गंधकाचा जिप्सम होतो, तो विकता येतो. उरलेल्या पाण्यात पारा आणि सेलेनियम येतात. त्या पाण्याची प्रक्रिया नीट केली तर छान. नाहीतर हवा साफ आणि नदी घाण. एफजीडी नको असं मी म्हणत नाही, हवंच. फक्त बसवणाऱ्याला "आता हे पाणी कुठे?" हे पहिल्या दिवशी विचारा.

ओसरीताई, काचपट्ट्यांचं काय झालं?

ओसरी

सगळ्यांचे आभार आधी. वेळ लागला कारण बहिणीने एक नाही, पाच दिवस पट्ट्या ठेवल्या. शाळेतल्या सरांकडून सूक्ष्मदर्शक मिळाला, सरांनाच जास्त उत्साह!

निकाल असा. पाचपैकी तीन दिवस वारा पश्चिमेचा होता. त्या तिन्ही दिवशी पश्चिमेच्या पट्टीवर इतर तीन पट्ट्यांपेक्षा कितीतरी जाड थर. आणि गोट्याच गोट्या. बहिणीने मोबाइलने भिंगातून फोटो काढलाय, अगदी काचेच्या गोट्यांची बरणी उपडी केल्यासारखा. उरलेल्या दोन दिवशी वारा दुसरीकडून होता, तेव्हा चारही पट्ट्या सारख्या, आणि त्यांच्यावर बहुतेक माती. उत्तरेच्या पट्टीवर थोडे काळे धारदार तुकडे आहेत. त्या बाजूला रेल्वेची साइडिंग आहे.

बॉयलरवाले काका, तुम्ही बघायच्या आधी सांगितलं होतंत. ती तलावाचीच आहे. चिमणीच्या आधी ईएसपीने अडवलेली.

सगळ्यांत अनपेक्षित, दीर. पट्ट्या बघून तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून आला तो तलावाचा कुठला कोपरा सुकलाय, पाण्याचे फवारे कुठून कुठपर्यंत चालू आहेत आणि कुठले बंद, हे कागदावर काढून. स्वतःचं नाव नको म्हणाला. अर्ज बहीण आणि शेजारच्या अकरा घरांनी मिळून केलाय, फोटो आणि वहीच्या पानांसकट. मागणी एकच ठेवली, पश्चिमेची सुकलेली बाजू ओली ठेवा किंवा माती टाकून झाका. बाकीचं नंतर.

घरात झाडू बंद, ओल्या फडक्याने पुसणं सुरू. सासूबाईंची फुंकायची तपासणी गुरुवारी आहे, थुंकी तपासायला दिली.

भूजल, बोअरचं पाणी तपासायला द्यायचंय. काचेची स्वच्छ बाटली चालेल ना?

भूजल

काच नको! बऱ्याच प्रयोगशाळांच्या काचेतच बोरॉन असतं, ते पाण्यात उतरतं आणि आकडा खोटा वाढतो. प्लास्टिकची नवी बाटली घ्या, त्याच पाण्याने तीनदा विसळा. पंप आधी पाच-दहा मिनिटं चालू द्या, पाइपातलं जुनं पाणी जाऊ द्या. बोरॉन, सल्फेट, आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम अशी नावं लिहून द्या, नुसतं "पाणी तपासणी" म्हणू नका. धातूंसाठीच्या बाटलीत आम्ल घालावं लागतं, ती प्रयोगशाळेकडूनच तयार मागवा.

आणि तलावाच्या पलीकडच्या, चढावरच्या एखाद्या विहिरीचं पाणीही त्याच दिवशी द्या. तुलनेला काही नसेल तर आकडा हातात येऊनही कळणार नाही तो कशाचा.